पिवळा फ्यूज : सोलापुरातील एका वॉरंटी वादाचे प्रकरण

प्रकरणाची पार्श्वभूमी

तक्रारदार सोलापुरातील टॉवेल आणि चादरींचे मध्यम व्यापारी आहेत. अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीतून माल उचलायचा आणि तो लातूर, कलबुर्गी, पुणे या भागांतील दुकानदारांना पुरवायचा, असा त्यांचा धंदा असल्याने महिन्याला दीड हजार किलोमीटर गाडी चालणे ही त्यांच्यासाठी नित्याची बाब. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, त्यांनी साडेअकरा लाख रुपयांना एक पेट्रोल एसयूव्ही घेतली. वॉरंटी तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात, म्हणजे सोळाव्या महिन्यात आणि मीटरवर 23,600 किलोमीटर असताना, गाडीचा एसी बंद पडला आणि त्याच पंधरवड्यात गाडीच्या दिवे, लॉक, वायपर यांवर नियंत्रण ठेवणारे बॉडी कंट्रोल मॉड्यूल, ज्याला वर्कशॉपमध्ये सगळेच बीसीएम म्हणतात, ते निकामी झाले. विक्रेत्याने 65,000 रुपयांचे एस्टिमेट दिले आणि जॉब कार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या कामाच्या नोंदपत्रावर, एक ओळ लिहिली : "बाहेरील फिटिंग व वायर कटिंग आढळले. वॉरंटी लागू नाही."

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. अपघात नसल्याने येथे विम्याचा दावा नव्हता आणि वॉरंटी हा एरवी माझा प्रांत नाही. तक्रारदारांच्या वकिलांना मात्र एका प्रश्नाचे उत्तर हवे होते, आणि तो प्रश्न आमच्या रोजच्या कामातला आहे : नुकसान नेमके कशामुळे झाले? विम्यात याला आम्ही निकटचे कारण म्हणतो. गाडीत दहा दोष असू शकतात, पण दावा ठरतो तो ज्या दोषातून नुकसान प्रत्यक्ष उद्भवले त्यावर. माझी फी तक्रारदारांनी दिली होती, हे वाचकाने पुढचे वाचताना ध्यानात ठेवावे. दोन्ही पक्षांची नावे आणि गाडीचे मॉडेल मी जाणूनबुजून दिलेले नाही.

गाडीवर झालेली कामे

विक्रेत्याने "बाहेरील फिटिंग" हा शब्द एकवचनात वापरला असला तरी गाडीवर तीन वेगवेगळ्या हातांनी तीन वेगवेगळी कामे केलेली होती, आणि हा फरक सुरुवातीला कोणीच केला नव्हता, तक्रारदारांनीसुद्धा नाही.

पहिले काम डिलिव्हरीच्या दिवशीचे. शोरूममधल्याच अ‍ॅक्सेसरीजच्या काउंटरवर त्यांनी मोठी टच स्क्रीन आणि रिव्हर्स कॅमेरा मिळून 28,500 रुपयांना घेतला. विक्री प्रतिनिधीने तोंडी सांगितले होते की काम शोरूमच्याच आवारात होते, त्यामुळे वॉरंटीला धक्का लागत नाही. बिल मात्र वेगळ्या नावाच्या फर्मचे होते. पत्ता शोरूमचाच, जीएसटी क्रमांक दुसरा. काम करणारा फिटर पगारी नोकर नव्हता, गाडीमागे ठरलेले पैसे घेऊन काम करणारा होता. ही पद्धत अनेक शोरूममध्ये असते आणि ग्राहक ते बिल क्वचितच वाचतो, कारण त्या दिवशी त्याचे लक्ष हार, नारळ आणि फोटोकडे असते.

दुसरे काम चार महिन्यांनी शहरातल्या एका दुकानात झाले. कलबुर्गीकडून रात्री परतताना ज्यांनी उसाने भरलेली, मागे धड रिफ्लेक्टरही नसलेली ट्रॉली ऐन वेळी पाहिली आहे, त्यांना जास्त उजेडाची हौस कुठून येते हे सांगावे लागणार नाही. मूळचे 60/55 वॅटचे बल्ब काढून 100/90 वॅटचे घातले गेले. दुकानदाराने निदान एवढी काळजी घेतली की रिले किट बसवून बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजसह थेट पुरवठा दिला. त्यामुळे गाडीच्या मूळ वायरिंगवर जादा भार पडत नव्हता, मात्र बल्बमागच्या प्लास्टिक होल्डरला उष्णता सोसावी लागत होतीच.

तिसरे काम घरचे. गणपतीच्या दिवसांत पुतण्याने दरवाजाच्या दिव्याच्या वायरीवरून जोड घेऊन डॅशबोर्डखाली निळ्या एलईडीची पट्टी लावली होती. पहिल्या भेटीत तक्रारदारांनी या पट्टीबद्दल मला काहीच सांगितले नाही. मी वाकून पाहिल्यावर ते म्हणाले, "ते शोचं आहे साहेब, त्याचं काय नाही." पुढे खरोखरच त्याचे काही निघाले नाही, पण लपवलेली गोष्ट सापडली की पुढच्या प्रत्येक विधानाकडे आम्ही संशयाने पाहतो, आणि तसे मी पाहिले.

नकार

घटनाक्रम महत्त्वाचा असल्याने तो जॉब कार्डांवरून मांडतो. मेच्या पहिल्या आठवड्यात तक्रारदारांनी एसी थंड हवा देत नसल्याची तक्रार केली. त्या दिवशीच्या जॉब कार्डावर "गॅस कमी. गॅस भरला. लीक टेस्ट ओके" अशी नोंद असून गॅसचे 2,400 रुपये घेतलेले आहेत. अकरा दिवसांनी एसी पुन्हा गरम हवा फेकू लागला. सोलापूरच्या मे महिन्यात, पारा 43 अंशांच्या आसपास असताना, बंद एसीची गाडी घेऊन कलबुर्गीपर्यंत जाणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. त्यानंतर चौथ्या दिवशी सेंट्रल लॉक आपोआप उघडबंद होऊ लागले, इंडिकेटर मनाला येईल तसे लागू लागले आणि सकाळी गाडी सुरूच झाली नाही. ती क्रेनने वर्कशॉपमध्ये नेण्यात आली.

तेथे स्कॅनर लावून बीसीएममध्ये दोष असल्याचे निदान झाले. डिकीचे आतले आवरण उघडल्यावर रिव्हर्स लाइटच्या वायरीवर टेप गुंडाळलेला जोड दिसला. सर्व्हिस अ‍ॅडव्हायजरने मोबाइलवर त्याचे चार फोटो काढले आणि तपास तिथेच थांबला. एस्टिमेटमध्ये बीसीएमचे 31,400, एसी कॉम्प्रेसरचे 24,800, हेडलाइटच्या वितळलेल्या होल्डर-कपलरचे 2,600 आणि मजुरीचे 6,200 असे एकूण 65,000 रुपये मांडले गेले. कॉम्प्रेसरचा वायर कटिंगशी काय संबंध, असे तक्रारदारांनी विचारल्यावर अ‍ॅडव्हायजरचे उत्तर होते, "बाहेरचं काम दिसलं की कंपनी क्लेमच घेत नाही ओ मालक, सिस्टीममध्ये गाडीच लाल होते." सात दिवसांत निर्णय न कळवल्यास दिवसाला 300 रुपये पार्किंग आकारले जाईल, असेही सांगण्यात आले. तक्रारदारांनी जॉब कार्डावर सही केली. त्यावर काय लिहिले आहे ते त्यांनी वाचले नव्हते.

मला या प्रकरणात सर्वांत खटकले ते उत्तरातले "गाडीच लाल होते" हे शब्द. वॉरंटी पुस्तिका मी दोनदा वाचली. अपवादांच्या प्रकरणात दोन वाक्ये होती. एका वाक्याचा आशय असा की कंपनीने मान्य न केलेले भाग किंवा बदल यांमुळे उद्भवलेला बिघाड वॉरंटीत येणार नाही. दुसऱ्याचा आशय असा की वाहनाच्या कामगिरीवर किंवा सुरक्षिततेवर विपरीत परिणाम होईल असा बदल केलेल्या वाहनास वॉरंटी लागू राहणार नाही. पहिले वाक्य बिघाडाबद्दल बोलते, दुसरे वाहनाबद्दल. परंतु दुसऱ्या वाक्यातही "विपरीत परिणाम" ही अट आहेच. नुसता बदल दिसला की सर्व संपले, असे पुस्तिकेत कुठेही लिहिलेले नव्हते. काउंटरवर सांगितला जाणारा नियम आणि छापलेला नियम यांत एवढे अंतर होते. करारातील शब्द संदिग्ध असतील तर ते ज्याने लिहिले त्याच्या विरुद्ध वाचावेत, हे तत्त्व विम्याच्या कामात आम्हाला पावलोपावली भेटते. आणि अपवादाचे कलम पुढे करणाऱ्यानेच ते लागू होते हे सिद्ध करायचे असते. वकिलांनी नोटीस पाठवली ती याच पायावर, आणि तिच्यात पैशांच्या मागणीआधी संयुक्त पाहणीची मागणी केली. नोटिशीची एक प्रत कंपनीलाही गेली. दरम्यान 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवण्यात आली. नऊ दिवसांनी पुण्याहून कंपनीचे विभागीय सेवा अधिकारी आले.

संयुक्त पाहणी

एसीचे उत्तर तासाभरात मिळाले. यंत्रणेत चमकणारा रंग सोडून अतिनील दिव्याखाली पाहिले असता कॉम्प्रेसरच्या पुढच्या बाजूला, शाफ्टच्या सीलपाशी, हिरवट तेलाचा ओघळ दिसला. सीलमधून गॅस गळत होता. गॅसचा दाब ठरावीक पातळीखाली गेला की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही, म्हणून हवा गरम येत होती. विद्युत दोषाची शक्यता उरू नये यासाठी मी कॉम्प्रेसरच्या क्लचची कॉइल मोजायला सांगितली. रोध साडेतीन ओहमच्या आसपास भरला, म्हणजे कॉइल निरोगी होती. शिवाय मेच्या पहिल्या आठवड्यातले जॉब कार्ड समोर होते. गॅस कमी झाल्याची नोंद बीसीएमच्या बिघाडाच्या पंधरा दिवस आधीची आणि विक्रेत्याच्याच हस्ताक्षरातली होती. त्यावरच्या "लीक टेस्ट ओके" या शब्दांवर कंपनीचे अधिकारी काही काळ गप्प राहिले. रबराचे सील झिजून गळण्याचा कोणत्याही स्क्रीनशी, बल्बशी किंवा निळ्या पट्टीशी संबंध जोडणे कोणालाच शक्य नव्हते आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही.

हेडलाइटच्या होल्डरचा प्रश्नही सरळ होता, फक्त उलट बाजूने. प्लास्टिक बल्बच्या बाजूने वितळलेले होते, वायरीच्या बाजूने नाही. जास्त वॅटच्या बल्बची उष्णता हेच कारण होते. हा खर्च तक्रारदारांचा, हे मी तिथेच सांगितले. त्यांना ते आवडले नाही.

निळ्या पट्टीचा प्रवाह मोजला तो जेमतेम 0.4 अँपिअर निघाला. त्या सर्किटचा फ्यूज शाबूत होता, जोडाला भाजल्याची खूण नव्हती. ती बाजूला पडली.

खरा वेळ गेला तो बीसीएमवर. विक्रेत्याच्या बाजूने आधी असे सांगितले गेले की टच स्क्रीनसाठी गाडीच्या संदेश-वाहिनीत, म्हणजे मॉड्यूल ज्या वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्यांत, हस्तक्षेप झाला असावा. डॅशबोर्ड उघडल्यावर स्क्रीन कपलर-टू-कपलर, म्हणजे तयार प्लग एकमेकांत खोचून, बसवलेली दिसली; तेथे एकही वायर कापलेली नव्हती. कापलेली वायर होती ती डिकीत. रिव्हर्स गिअर पडला की कॅमेरा सुरू व्हावा म्हणून फिटरने रिव्हर्स लाइटच्या वायरीचे आवरण सोलून, कॅमेऱ्याची वायर तिच्याभोवती पिळून, वर काळी टेप गुंडाळली होती. सोल्डर नव्हते, उष्णतेने आवळणारी नळी नव्हती. कॅमेरा दोन वॅटही खात नाही, तेव्हा भाराचा प्रश्न नव्हता. प्रश्न जागेचा होता. हा जोड नेमका डिकीच्या बिजागरीपाशी, वायरी ज्या रबरी नळीतून दारात जातात तिच्या तोंडाशी घेतलेला होता. डिकी जितक्या वेळा उघडेल तितक्या वेळा तेथे वायरी वाकणार. ज्या माणसाची डिकी दिवसातून दहा वेळा सॅम्पलच्या चादरी काढण्यासाठी उघडते, त्याच्या गाडीत हा जोड सोळा महिने टिकला हेच नवल. उन्हाने टेपचा चिकटपणा पातळ होऊन ती सरकली होती, तांब्याचे चार-सहा तंतू बाहेर आले होते आणि शेजारच्या पत्र्यावर, रंग उडालेल्या जागी, मोहरीएवढे तीन काळे ठिपके होते. तार पत्र्याला टेकली, ठिणगी पडली, पुन्हा सुटली. असे एकदा नव्हे, अनेकदा घडले असावे.

त्या गाडीच्या वायरिंग नकाशाप्रमाणे रिव्हर्स लाइटचा पुरवठा बीसीएममधील इलेक्ट्रॉनिक स्विचमधून येतो. अशा स्विचला अंगचे संरक्षण असते, तरीही वारंवार होणारे शॉर्ट त्याला हळूहळू खातात. बदललेले बीसीएम पुढे उघडून पाहिले तेव्हा नेमका त्या वाहिनीचा भाग काळवंडलेला होता. हा जोड शोरूमच्या आवारात, शोरूमच्या काउंटरवरून विकलेल्या मालासाठी, शोरूमच्या पत्त्याच्या बिलावर घेतलेला होता. पहिल्या मोफत सर्व्हिसच्या जॉब कार्डावर गाडीतील वस्तूंची यादी असते, स्टेपनी, जॅक, मॅट वगैरे. त्या यादीत "टच स्क्रीन व कॅमेरा : आहे" असे विक्रेत्याच्याच माणसाने लिहिलेले होते. पुढच्या दोन सर्व्हिसनाही तेच. तेव्हा कोणालाही "बाहेरील फिटिंग" दिसले नव्हते.

येथपर्यंत पाहणी तक्रारदारांच्या बाजूने जात होती आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसतही होते. त्यानंतर मी फ्यूज बॉक्सचे झाकण उघडायला सांगितले.

पिवळा फ्यूज

गाडीतील पात्यांच्या फ्यूजचे रंग ठरलेले असतात : 10 अँपिअरचा लाल, 15 चा निळा, 20 चा पिवळा. झाकणाच्या आतल्या नकाशावर रिव्हर्स लाइटच्या खाचेत 10 लिहिलेले होते. खाचेत पिवळा फ्यूज होता.

कोणी घातला? अ‍ॅडव्हायजर म्हणाला, आम्ही नाही. तक्रारदार म्हणाले, मला ठाऊक नाही. माझ्या कामात या दोन उत्तरांची जोडी नवी नाही, म्हणून मी तो विषय तिथे वाढवला नाही. संध्याकाळी तक्रारदारांचा फोन आला. मार्चमध्ये पुण्याहून येताना रिव्हर्स लाइट आणि कॅमेरा दोन्ही बंद पडले होते. मोहोळजवळ चहाला थांबले असता शेजारच्या इलेक्ट्रिशियनने पाच मिनिटांत "फ्यूज उडालाय" म्हणून नवा घातला आणि पन्नास रुपये घेतले. त्याच्याजवळ लाल नव्हता, पिवळा होता. "चालतंय की" म्हणाला, आणि चालले.

माझ्या मते हे प्रकरण त्या पन्नास रुपयांपाशी पलटले. लाल फ्यूज उडाला तो उगाच नाही. जोड पत्र्याला टेकू लागल्याची ती सूचना होती. लालच घातला असता तर तो पुन्हा उडाला असता, तिसऱ्यांदा उडाला असता, आणि कधीतरी कोणीतरी डिकी उघडून पाहिलीच असती. पिवळ्याने त्या वाहिनीतून दुप्पट प्रवाह जाऊ दिला आणि फ्यूजऐवजी बीसीएमचा स्विच झिजत गेला. शॉर्ट विक्रेत्याच्या जोडाने घडवला, पण त्यातून बीसीएम जाण्याची वाट मोकळी केली ती या फ्यूजने. दोन कारणे एकाच वाहिनीवर एकामागे एक उभी होती आणि त्यांतील एक आमच्या बाजूचे होते.

हे अहवालात लिहायचे की नाही, यावर वकील आणि मी बराच वेळ बोललो. विक्रेत्याने फोटो काढले होते ते डिकीचे. फ्यूज बॉक्स मी उघडायला लावला होता. तो उघडला नसता तर कदाचित प्रश्नच आला नसता. परंतु कंपनीच्या अधिकाऱ्यांनी रंग पाहिला होता, आणि तो न लिहिलेला अहवाल पहिल्याच उलटतपासणीत निरुपयोगी ठरला असता. मी ते लिहिले.

कायद्याची बाजू

तक्रार दाखल करावी लागली असती तर काय झाले असते, याचा विचार वकिलांनी आधीच करून ठेवला होता. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील तरतुदींनुसार तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते, त्यामुळे कंपनीचे मुख्यालय कुठेही असले तरी सोलापुरातच दाद मागता आली असती. आयोगाची आर्थिक मर्यादा वस्तूसाठी मोजलेल्या किमतीवर ठरते आणि डिसेंबर 2021 पासून जिल्हा आयोगासाठी ती 50 लाख रुपये आहे. साडेअकरा लाखांच्या गाडीसाठी शुल्क अवघे 400 रुपये. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत होती. दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर कलम 38 नुसार आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. म्हणूनच जुने बीसीएम, कापलेला जोड आणि तो फ्यूज विक्रेत्याने भंगारात टाकू नये, असे नोटिशीत स्पष्टपणे लिहिले होते. जुना भाग एकदा गेला की उरतात ते फोटो, आणि फोटोवरून फक्त जोड दिसतो, ठिपके दिसत नाहीत.

गाडी धंद्यासाठी वापरली म्हणजे व्यावसायिक प्रयोजन, हा आक्षेप विक्रेता घेईल असे आम्ही धरून चाललो होतो. गाडी तक्रारदारांच्या वैयक्तिक नावावर होती आणि तिच्यातून माल नव्हे, माणूस आणि नमुने जात होते. या मुद्द्याची फारशी भीती वाटली नाही.

तक्रारदारांच्या पुतण्याने मोबाइलवर पाहून सांगितले होते की बाहेरचा भाग लावला म्हणून कंपनी वॉरंटी नाकारूच शकत नाही, तसा कायदा आहे. तो कायदा आहे, पण अमेरिकेत; 1975 चा मॅग्नसन-मॉस कायदा. सोलापूरच्या आयोगापुढे त्याचा उपयोग नाही. आपल्याकडे त्याच्या जवळ जाणारी गोष्ट म्हणजे भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेला आदेश. सुमारे 2,544 कोटी रुपयांच्या दंडामुळे तो गाजला आणि त्यावर पुढे अपिलेही झाली, पण आमच्या कामाचा भाग दंडाचा नव्हता. स्वतंत्र गॅरेजमध्ये दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती रद्द करता येईल, असे त्या आदेशात म्हटले होते. तो आदेश दुरुस्तीबद्दल आहे, हौसेच्या फिटिंगबद्दल नाही, हे वकिलांनी तक्रारदारांना दोनदा बजावले. तरीही "तेवढ्यापुरतीच" हा विचार आमच्या मुद्द्याला बळ देणारा होता.

विक्रेता आणि कंपनी यांची जबाबदारी वेगळी करणे हाही एक अवघड भाग होता. गोव्यातील एका प्रकरणात 18 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवले की कंपनी आणि विक्रेता यांचे नाते स्वतंत्र व्यावसायिकांचे असेल, तर विक्रेत्याच्या गैरकृत्याची माहिती कंपनीला होती हे सिद्ध झाल्याशिवाय कंपनीला त्यासाठी जबाबदार धरता येत नाही. म्हणजे सदोष सीलचे उत्तर कंपनीने द्यायचे, पण काउंटरवरच्या फिटरने घेतलेल्या जोडाचे उत्तर विक्रेत्याकडेच मागायचे. दोघांना एकाच दोरीने बांधून मागणी केली असती तर दोघांनीही एकमेकांकडे बोट दाखवले असते.

पाहणीच्या शेवटी विक्रेत्याच्या वर्क्स मॅनेजरने बल्बचा मुद्दा काढून मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा उल्लेख केला. ते कलम नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील मूळ कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपासून बदलतील अशा फेरफाराबद्दल आहे, आणि बल्बचे वॅट कोणत्याही नोंदणी प्रमाणपत्रावर लिहिलेले नसतात. मंजूर नमुन्यापेक्षा जास्त वॅटचे बल्ब लावणे चूकच आहे, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांचा विचार केला तर फारच चूक. परंतु त्याचा दंड आरटीओ किंवा पोलीस करतील. त्यासाठी एसीचे सील वॉरंटीबाहेर जात नाही.

तडजोड

विक्रेत्याचा पहिला प्रस्ताव एकूण बिलावर 30 टक्के सवलतीचा होता, म्हणजे 19,500 रुपये सोडून बाकी भरा. तक्रारदार तयार होण्याच्या बेतात होते. पंचवीस दिवस गाडी नव्हती आणि लग्नसराईचा माल अडला होता. वकिलांनी तो प्रस्ताव नाकारला, कारण सवलत घेणे म्हणजे तिन्ही बिघाडांना एकच उत्तर मान्य करणे.

दुसरी बैठक वर्क्स मॅनेजरच्या केबिनमध्ये झाली आणि तिथे आम्ही एकेक भाग वेगळा काढून बोललो. कॉम्प्रेसर कंपनीने पूर्णपणे वॉरंटीत बदलून द्यायचा. आधी घेतलेले गॅसचे 2,400 रुपये परत करायचे, कारण लीक शोधणे तेव्हाच शक्य होते. हेडलाइटचा होल्डर तक्रारदारांचा. बीसीएमवर मात्र दोन तास गेले. पिवळ्या फ्यूजचा मुद्दा अपेक्षेप्रमाणे पुढे आला आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांनी तो संयमाने मांडला. तक्रारदारांना पूर्ण भरपाई हवी होती. मी त्यांना बाहेर नेऊन सांगितले की आयोगापुढे गेलात तर हा फ्यूज तिथेही असेल, आणि दीड-दोन वर्षांनी मिळणारा निर्णय याहून फार वेगळा असेल याची मी खात्री देत नाही. शेवटी बीसीएमची निम्मी किंमत विक्रेत्याने सोसायची आणि संपूर्ण मजुरी व पार्किंग माफ करायचे, असे ठरले. तक्रारदारांनी 15,700 आणि 2,600 मिळून 18,300 रुपये भरले.

हे निम्मे-निम्मे न्याय्य होते का, यावर वकिलांचे आणि माझे आजही एकमत नाही. त्यांच्या मते मूळ चूक जोडाची होती आणि सामान्य ग्राहकाकडून फ्यूजच्या रंगाचे ज्ञान अपेक्षित नाही, तेव्हा विक्रेत्याचा वाटा तीन-चतुर्थांश तरी हवा होता. मला वाटते, फ्यूज एकदा उडाल्यावर वॉरंटीतली गाडी रस्त्याकडेच्या माणसाला उघडू देणे हा तक्रारदारांचा स्वतःचा निर्णय होता.

सर्वांत जास्त ओढाताण मात्र पैशांवर झाली नाही. विक्रेत्याने तडजोडीच्या पत्रात कॉम्प्रेसरसाठी "सद्भावना म्हणून" असे शब्द घातले होते. तक्रारदारांना त्यात गैर वाटले नाही. भाग फुकट मिळतोय, मग शब्द कोणतेही असोत. वकिलांनी पत्र परत दिले. सद्भावना म्हणून दिलेला भाग म्हणजे वॉरंटी संपलेली आहे हे मान्य केल्यासारखे, आणि गाडीची वॉरंटी अजून वीस महिने बाकी होती. त्या मुदतीत गिअरबॉक्स गेला तर हेच पत्र समोर ठेवले गेले असते. विक्रेत्याचे म्हणणे असे की मसुदा कंपनीचा आहे, आम्हाला बदलता येत नाही. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी पुण्याला दोन फोन केले. चौथ्या मसुद्यात "वॉरंटी अंतर्गत" हे शब्द आले आणि त्यासोबत एक वाक्य वाढले : वाहनाची उर्वरित वॉरंटी, नमूद केलेले हेडलाइट सर्किट वगळता, कायम राहील.

गाडी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परत मिळाली. डिकीतील जोड कापून तेथे कपलर घालण्यात आला आणि वायर बिजागरीपासून दूर नेण्यात आली. मूळचे बल्ब परत बसवले आहेत. त्यापुढच्या सर्व्हिसला तक्रारदारांनी जॉब कार्ड सही करण्यापूर्वी काउंटरवर उभे राहून पूर्ण वाचले आणि सिस्टीममध्ये गाडीपुढे काय लिहिले आहे ते अ‍ॅडव्हायजरला स्क्रीन फिरवून दाखवायला लावले. "वॉरंटी : चालू" असे तेथे होते. निळी पट्टी अजून आहे.